बागेच्या मातीला जिप्सम: कधी द्यायचं, किती आणि कसं

चिकणमातीची बाग असली की कुणी ना कुणी सल्ला देतंच: जिप्सम टाका, माती मोकळी होईल. पिशवीवरही बहुतेक वेळा हेच छापलेलं असतं. सल्ला खोटा नाही, पण अर्धवट आहे. मातीच्या कणांना सोडियम चिकटल्यामुळे जी माती घट्ट झाली आहे, तीच जिप्समने सुटते. पायाखाली तुडवून दबलेली, सेंद्रिय खत कधीच न मिळालेली किंवा खाली खडक असल्यामुळे चिबड राहणारी माती जिप्समने सुधारत नाही. म्हणून पोतं फोडण्याआधी निदान करायचं. या लेखाचा बराचसा भाग त्यातच जाणार आहे, कारण चूक बहुतेक वेळा तिथेच होते.

जिप्सम मातीत जाऊन काय करतं

जिप्सम म्हणजे पाण्याचे दोन रेणू धरून बसलेलं कॅल्शियम सल्फेट. शुद्ध जिप्सममध्ये वजनाने साधारण 23 टक्के कॅल्शियम आणि 18.6 टक्के गंधक असतं. चिकणमातीच्या कणांवर ऋण विद्युतभार असतो, त्यामुळे कॅल्शियम, मॅग्नेशियम, पोटॅशियम, सोडियम असे धन आयन त्यांना धरून असतात. कॅल्शियमवर दोन भार असतात. ते कणांना जवळ ओढून त्यांचे छोटे पुंजके बांधतं, आणि या पुंजक्यांमधल्या फटींतूनच हवा आणि पाणी फिरतं. सोडियमवर एकच भार, शिवाय ते स्वतःभोवती पाण्याचं जाड वेष्टण घेऊन फिरतं. त्यामुळे सोडियम जास्त झालं की ओल्या मातीतले कण एकमेकांपासून सुटतात, पाण्यात तरंगतात आणि फटींमध्ये जाऊन बसतात. अशी माती ओली असताना साबणासारखी निसरडी लागते आणि वाळली की कवचासारखी टणक होते. हीच आपली चोपण जमीन.

जिप्सम विरघळलं की त्यातलं कॅल्शियम कणांवरच्या सोडियमला हुसकावून त्याची जागा घेतं. सुटलेलं सोडियम सल्फेटबरोबर पाण्यात उतरतं. इथपर्यंत अर्धंच काम झालेलं असतं. ते सोडियम पाण्याबरोबर मुळांच्या खाली निघून गेलं पाहिजे. निचरा नसेल तर ते तिथेच राहतं, उन्हात पाण्याबरोबर पुन्हा वर येतं आणि पृष्ठभागावर पांढरा खार फुटतो.

आणखी एक परिणाम होतो, जो पटकन दिसतो आणि माणसाला फसवतो. जिप्सम विरघळलेलं पाणी थोडं खारट असतं आणि त्या क्षारांमुळेही मातीचे कण एकत्र येतात. म्हणून जिप्सम टाकल्यावर पहिल्या काही पाण्यांतच माती बरी वाटायला लागते. पण ते क्षार वाहून गेले की हा परिणामही जातो. टिकतो तो फक्त कणांवरच्या अदलाबदलीचा फायदा, आणि त्याला वेळ लागतो.

जिप्समने मातीचा सामू म्हणजे पीएच वाढत नाही. आम्लधर्मी माती सुधारायला जिप्सम टाकणाऱ्यांनी इथेच थांबावं. तिला कृषी चुना लागतो. उलट सोडियम कार्बोनेटमुळे फार अल्कधर्मी झालेल्या जमिनीत जिप्समने सामू खाली येतो, कारण त्या कार्बोनेटचं रूपांतर न विरघळणाऱ्या चुनखडीत होतं. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कॅलिफोर्नियातल्या काळ्या खारीच्या जमिनींसाठी मृदाशास्त्रज्ञ यूजीन हिल्गार्ड यांनी जिप्समची शिफारस केली, ती याच कारणाने. 1953 साली समुद्राचं पाणी घुसलेल्या नेदरलँड्समधल्या शेतांवरही जिप्सम पसरण्यात आलं. दोन्हीकडे दुखणं सोडियमचंच होतं.

पहिली पायरी: ढेकळाची परीक्षा

ही परीक्षा घरच्या घरी होते आणि तिला खर्च काही नाही. ऑस्ट्रेलियातले मृदाशास्त्रज्ञ एमर्सन यांनी 1967 साली मांडलेल्या पद्धतीचं हे सोपं रूप आहे.

बागेतल्या तीन-चार ठिकाणांहून माती घ्या. वरच्या 10 सेंटिमीटरमधली वेगळी आणि 30 सेंटिमीटर खोलीवरची वेगळी. वाटाण्याएवढे खडे निवडून सावलीत पूर्ण वाळू द्या. काचेच्या उथळ वाटीत पावसाचं किंवा डिस्टिल्ड पाणी घ्या. नळाचं किंवा विहिरीचं पाणी इथे चालत नाही. जड पाण्यात आधीच कॅल्शियम असतं आणि ते दोष झाकून टाकतं. वाटी पांढऱ्या कागदावर ठेवा, खडा अलगद पाण्यात सोडा आणि वाटीला धक्का लावू नका.

आता बघत राहायचं. पहिल्या काही मिनिटांत बहुतेक खडे कडेने सुटायला लागतात, बुडबुडे येतात, खड्याचा ढीग होतो. एवढ्यावरून काही ठरत नाही. महत्त्वाचं आहे ते ढिगाभोवतीचं पाणी. 10 मिनिटांनी एकदा, 2 तासांनी एकदा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी एकदा पाहा.

खडा ढासळला पण भोवतालचं पाणी स्वच्छ राहिलं, तर मातीत सेंद्रिय पदार्थ कमी आहेत. तिला शेणखत, कंपोस्ट आणि आच्छादन द्या. जिप्समचं काम नाही. ढिगाच्या कडेने दुधट धुकं पसरायला लागलं आणि सकाळपर्यंत वाटीच्या तळाशी ढगाळ थर पसरला, तर कण खरोखर सुटे होत आहेत. जिप्समचा उपयोग इथे होतो. धुकं जितकं लवकर आणि जितकं दाट, तितका सोडियमचा जोर जास्त. खडा जसाच्या तसा राहिला, पाणीही स्वच्छ, तर मातीची रचना चांगली आहे आणि तुमची अडचण दुसरीकडे आहे.

एक जास्तीची चाचणी करण्यासारखी आहे. तीच माती थोडी ओली करून बोटांनी मिनिटभर मळा, तिची गोळी करा आणि ती पाण्यात सोडा. कोरडा खडा स्वच्छ राहिला होता पण मळलेली गोळी धुकं सोडते, असं झालं तर ही माती ओली असताना खणल्यामुळे बिघडते. वाफसा येण्याआधी, म्हणजे जादा पाणी उतरून माती नुसती ओलसर राहण्याआधी, तिच्यात फावडं घालायचं नाही, हाच तिचा मुख्य इलाज.

दोन बाटल्यांचा प्रयोगही बराच दाखवला जातो. दोन्हींत गढूळ पाणी, एकीत जिप्सम. जिप्समच्या बाटलीतला गाळ खाली बसतो आणि पाणी नितळ होतं. दिसायला छान आहे, पण त्यावर विश्वास ठेवू नका. कोणतीही चिकणमाती जोरात हलवली की पाणी गढूळ होतं आणि जिप्सम टाकलं की नितळतं, मग त्या मातीत सोडियम असो वा नसो. या प्रयोगातून जिप्समचा गुण कळतो, तुमच्या मातीची गरज कळत नाही.

दुसरी पायरी: पाणी जाणार कुठे

वाफ्यात 30 सेंटिमीटर खोल खड्डा घ्या. तो पाण्याने भरा आणि मुरू द्या. पुन्हा भरा, आत एक काठी उभी करून पाण्याची पातळी खुणेने नोंदवा आणि तासाभराने मोजा. तासाला 2.5 सेंटिमीटरपेक्षा कमी उतरत असेल तर निचरा मंद आहे. रात्रभरात खड्डा रिकामाच झाला नाही, तर जिप्समचा विचार बाजूला ठेवून आधी पाण्याला वाट करून द्यावी लागेल: उताराच्या बाजूला चर, उंच गादीवाफे, किंवा खाली कडक थर असेल तर तो कुदळीने फोडणं. जिप्समला कडक थर फोडता येत नाही. शेजारच्या भिंतीमुळे किंवा फरशीमुळे अडलेलं पाणीही त्याला बाहेर काढता येत नाही.

तिसरी पायरी: माती परीक्षणाचा अहवाल वाचायचा कसा

ढेकळाच्या परीक्षेत धुकं दिसलं आणि बाग बऱ्यापैकी मोठी असली, तर माती तपासून घ्या. नुसतं नत्र-स्फुरद-पालाश तपासून उपयोग नाही. सामू, विद्युत वाहकता म्हणजे ईसी (यावरून विरघळलेले क्षार किती ते कळतं), धन आयन विनिमय क्षमता म्हणजे सीईसी (मातीचे कण एकूण किती धन आयन धरू शकतात), आणि विनिमययोग्य, म्हणजे कणांनी धरलेलं सोडियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम एवढं मागून घ्या.

यातला कळीचा आकडा म्हणजे विनिमययोग्य सोडियमची टक्केवारी, ईएसपी. मातीच्या कणांवरच्या एकूण जागांपैकी किती जागा सोडियमने अडवल्या आहेत, ते यावरून कळतं. अमेरिकेतल्या क्षार प्रयोगशाळेने 1954 साली ठरवून दिलेली विभागणी अजून सर्वत्र वापरली जाते. ईसी 4 डेसीसीमेन प्रति मीटरपेक्षा जास्त आणि ईएसपी 15 पेक्षा कमी, ती खारवट जमीन. ईसी 4 पेक्षा कमी आणि ईएसपी 15 पेक्षा जास्त, ती चोपण. तिचा सामू सहसा 8.5 च्या वर असतो. दोन्ही जास्त, ती खारवट-चोपण.

नुसत्या खारवट जमिनीला जिप्सम लागत नाही. तिला चांगलं पाणी आणि निचरा लागतो. क्षार धुऊन खाली गेले की झालं. खारवट-चोपण जमिनीत मात्र उलटी खबरदारी घ्यायची: जिप्सम न देता नुसतं गोडं पाणी सोडलं तर क्षार आधी धुतले जातात, सोडियम कणांवर तसंच राहतं आणि माती पहिल्यापेक्षा घट्ट होते.

15 ही रेघ म्हणजे काही लक्ष्मणरेषा नाही. ऑस्ट्रेलियात 6 टक्क्यांपासूनच माती सोडिक मानतात, कारण पावसासारखं कमी क्षारांचं पाणी पडलं की एवढ्या सोडियमनेही कण सुटतात. त्यामुळे अहवालात 8 किंवा 10 आकडा आला आणि वाटीत धुकंही दिसलं, तर वाटीवर विश्वास ठेवा.

अहवाल हातात असताना थोडं व्हिनेगर मातीवर टाकून बघा. फसफसली तर मातीत मोकळी चुनखडी आहे. अशा मातीत गंधकाची पूडही चालते: जिवाणू तिचं गंधकाम्ल करतात, ते आम्ल चुनखडी विरघळवतं आणि जिप्सम मातीतच तयार होतं. 1 किलो गंधक साधारण 5.4 किलो जिप्समचं काम करतं. मात्र त्याला ऊब, ओल आणि कित्येक आठवडे लागतात, आणि न फसफसणाऱ्या मातीत ते फक्त आम्लता वाढवतं.

जिप्सम कोणतं घ्यायचं

खाणीतून काढून दळलेलं शेतीचं जिप्सम सगळ्यात सरळ. पिशवीवर शुद्धतेची टक्केवारी पाहा. ती नसेल तर ती पिशवी घेऊ नका. पूड जितकी बारीक तितकी लवकर विरघळते, पण फार बारीक पूड वाऱ्याने उडते. छोट्या बागेसाठी दाणेदार जिप्सम पसरायला सोपं जातं, फक्त परिणामाला थोडा उशीर लागतो.

फॉस्फरिक आम्लाच्या कारखान्यातून निघणारं फॉस्फोजिप्समही शेतीत वापरलं जातं. त्यात फ्लोराइड, जड धातू आणि रेडियमचे अंश असू शकतात, म्हणून भाजीच्या वाफ्यासाठी तपासणीचा दाखला असेल तरच घ्या. मिठागरातून निघणाऱ्या जिप्सममध्ये मीठ राहिलेलं असतं; सोडियम घालवायला सोडियमच टाकण्यात अर्थ नाही.

प्लास्टर ऑफ पॅरिस म्हणजे जिप्सम नव्हे. भाजून पाणी काढून टाकलेलं ते रूप आहे आणि ओल लागली की ते घट्ट बसतं. छताच्या किंवा भिंतीच्या जिप्सम बोर्डाचे तुकडे टाकण्याची कल्पनाही मोहात पाडते, पण त्यांत कागद, काचतंतू, ओल रोखणारी रसायनं आणि रंग असतात. शोभेच्या झाडांनाही ते टाकावं असं मला वाटत नाही.

द्रवरूप जिप्समबद्दल एक साधा हिशेब करा. 1 लिटर पाण्यात जिप्सम विरघळतं जेमतेम 2.4 ग्रॅमच्या आसपास. बाटलीत त्याहून जास्त असेल तर ते विरघळलेलं नसून तरंगणारी बारीक पूड आहे. दर चौरस मीटरला काहीशे ग्रॅम लागणाऱ्या मातीवर चमचाभर पातळ केलेलं जिप्सम शिंपडून काय होणार, ते ज्याने त्याने ठरवावं.

मात्रा काढायची कशी

1 चौरस मीटर जागा, 15 सेंटिमीटर खोली. एवढ्या मातीचं वजन सुमारे 200 किलो. या मातीत दर 100 ग्रॅमला 1 मिलीइक्विव्हॅलंट सोडियम हटवायचं असेल तर शुद्ध जिप्सम लागतं साधारण 172 ग्रॅम. अहवालात एकक सेंटीमोल प्रति किलो असं लिहिलेलं असलं तरी आकडा तोच धरायचा.

समजा अहवालात सीईसी 30 आहे, ईएसपी 18 आहे आणि ती तुम्हाला 8 वर आणायची आहे. फरक 10 टक्के. 30 चे 10 टक्के म्हणजे 3. तीन गुणिले 172 म्हणजे चौरस मीटरला 516 ग्रॅम शुद्ध जिप्सम. पिशवीवर शुद्धता 80 टक्के असेल तर 516 ला 0.8 ने भागा: 645 ग्रॅम. वाफा 3 बाय 4 मीटरचा असेल तर एकूण पावणेआठ किलो. 30 सेंटिमीटर खोलीपर्यंत सुधारणा हवी असेल तर मात्रा दुप्पट, पण ती एकाच हंगामात द्यायची गरज नसते.

ही सगळी मात्रा एकदम न टाकता दोन हप्त्यांत द्या, दोन्हींमध्ये काही महिन्यांचं अंतर ठेवा. एकदम भरपूर जिप्सम दिलं की कॅल्शियम सोडियमबरोबर मॅग्नेशियम आणि पोटॅशियमलाही ढकलून देतं. हलक्या मातीत तर पानं पिवळी पडण्यापर्यंत गोष्ट जाते.

अहवाल नाही, पण वाटीत धुकं स्पष्ट दिसलं आहे, अशा वेळी चौरस मीटरला 250 ते 300 ग्रॅमने सुरुवात करा. तेही अर्ध्या वाफ्यात. उरलेल्या अर्ध्यात काही टाकू नका, बाकी मशागत आणि पाणी दोन्हीकडे सारखं ठेवा. असा रिकामा पट्टा सोडला नाही तर फरक जिप्सममुळे पडला की त्याच वेळी टाकलेल्या कंपोस्टमुळे, हे कधीच कळत नाही.

प्रत्यक्ष टाकताना

पावसाळ्याच्या तोंडावर, किंवा भरपूर चांगलं पाणी देता येईल अशा वेळी हे काम घ्या. माती वाफशावर असावी. मुठीत दाबली की गोळा व्हावा आणि बोटाने टोचला की फुटावा, एवढी ओल पुरे. वारा पडलेला असताना सुरुवात करा आणि नाकातोंडाला फडकं किंवा मास्क बांधा. जिप्सम विषारी नसलं तरी पूड घशात आणि डोळ्यांत झोंबते.

वाफ्याचे चौरस मीटरचे भाग पाडा. प्रत्येक भागाचं जिप्सम वेगळं तोलून घमेल्यात घ्या आणि निम्मं उभं, निम्मं आडवं असं हाताने पसरा. अंदाजाने मूठमूठ टाकत गेलं तर सुरुवातीचा कोपरा पांढरा होतो आणि शेवटच्याला काही उरत नाही. पसरून झाल्यावर कुदळीने किंवा दाताळ्याने वरच्या 10 ते 15 सेंटिमीटरमध्ये मिसळा. सुधारणा जिथे हवी तिथे जिप्सम पोचलं पाहिजे. नुसतं वर टाकून ठेवलं तरी ते पाण्याबरोबर हळूहळू उतरतं, पण पृष्ठभागच घट्ट असेल तर आधी तिथेच अडकतं. खाली मोठे थर करून मात्र पुरू नका: पाणी साचलेल्या, हवा नसलेल्या मातीत सल्फेटपासून हायड्रोजन सल्फाइड तयार होतो, सडक्या अंड्यासारखा वास येतो आणि मुळं गुदमरतात.

मग पाणी. इथे बहुतेकांचा हात आखडतो. 500 ग्रॅम जिप्सम विरघळायलाच 2.4 ग्रॅम प्रति लिटरच्या हिशेबाने 200 लिटरहून अधिक पाणी लागतं. दर चौरस मीटरला, म्हणजे 200 मिलिमीटर पावसाइतकं. सुटलेले क्षार 30 सेंटिमीटरच्या खाली न्यायचे असतील तर साधारण तेवढ्याच खोलीचं, म्हणजे चौरस मीटरला 300 लिटर पाणी मातीतून आरपार जावं लागतं. त्यातून विरघळलेल्या क्षारांपैकी सुमारे 80 टक्के निघतात. ही दोन पाणी वेगळी मोजायची नाहीत, विरघळवणारं पाणीच पुढे क्षार घेऊन जातं. एकदम सोडून तळं करण्यापेक्षा थोडं देऊन मुरू द्यायचं, दोन-तीन दिवस थांबायचं, पुन्हा द्यायचं. असं टप्प्याटप्प्याने दिलेलं पाणी जास्त क्षार धुतं आणि मातीही कमी दबते. एवढं पाणी हाताशी नसेल तर पावसाची वाट पाहा. कोरड्या मातीत पडलेलं जिप्सम तसंच पडून राहतं.

हे पाणी उतरून पुन्हा वाफसा आला की कंपोस्ट किंवा चांगलं कुजलेलं शेणखत मिसळा, चौरस मीटरला 3 ते 5 किलो. कॅल्शियमने बांधलेले पुंजके टिकवायचं काम मुळं, बुरशी आणि गांडुळं करतात आणि त्यांना खाद्य लागतं. जागा रिकामी ठेवता येत असेल तर ताग किंवा धैंचा पेरा आणि फुलावर येण्याच्या सुमारास गाडा. धैंचा थोड्या चोपण जमिनीतही तग धरतो, त्याची मुळं खालपर्यंत वाट करतात. बागेत जिप्सम आणि हिरवळीचं खत यांपैकी एकच निवडायला सांगितलं, तर सोडियम फारसं नसलेल्या मातीसाठी मी डोळे झाकून हिरवळीचं खत घेईन.

लावलेली झाडं, हिरवळ आणि कुंड्या

उभ्या झाडांभोवती खणता येत नाही. हिरवळीत काट्याने किंवा सळईने 10 सेंटिमीटर खोल भोकं पाडा, वर चौरस मीटरला 200 ते 250 ग्रॅम पसरा, झाडूने भोकांत लोटा आणि पाणी द्या. पानांवर पूड राहू देऊ नका. झाडांना खोडापासून वीतभर लांब, फांद्यांच्या घेराखाली सगळीकडे टाका. कोवळ्या रोपांच्या वाफ्यात लावणीच्या तोंडावर मोठी मात्रा नको. जिप्समने संपृक्त झालेल्या पाण्याची वाहकताच 2 डेसीसीमेनच्या वर जाते आणि क्षारांना नाजूक असलेल्या रोपांना ती सोसत नाही.

कुंडीतल्या मातीत सहसा जिप्समची गरज पडत नाही. कुंडीच्या कडेवर आणि मातीवर जमणारा पांढरा थर बहुतेक वेळा खतांचा किंवा जड पाण्याचा असतो. कुंडीच्या आकाराच्या दोन-तीन पट पाणी हळूहळू ओतून तळातून वाहू दिलं की तो जातो.

सोडियम येतं कुठून, तेही बघा

माती सुधारून झाली आणि रोज तेच पाणी चालू राहिलं, तर सगळी मेहनत वाया. बोअरवेलच्या पाण्यात बायकार्बोनेट जास्त असेल तर ते मातीतलं कॅल्शियम चुनखडीच्या रूपात बाहेर काढतं आणि सोडियमला मोकळं रान मिळतं. पाणी तपासणीत याला उरलेलं सोडियम कार्बोनेट, आरएससी म्हणतात. 1.25 मिलीइक्विव्हॅलंट प्रति लिटरपर्यंत पाणी चांगलं, 2.5 च्या वर सिंचनाला अयोग्य मानतात. वरचा प्रत्येक 1 मिलीइक्विव्हॅलंट प्रति लिटर कमी करायला 1000 लिटर पाण्याला सुमारे 86 ग्रॅम शुद्ध जिप्सम लागतं. टाकीच्या तोंडाशी किंवा पाटात जिप्समची सच्छिद्र पिशवी ठेवून त्यावरून पाणी जाऊ देणं ही त्याची सोपी रीत. ठिबक असेल तर हे करू नका, नळ्यांत चुनखडी बसते.

पाणी मऊ करणाऱ्या यंत्रातून आलेलं पाणी बागेला कधीच देऊ नका. ते कॅल्शियम काढून त्याजागी सोडियम घालतं. कपडे धुतलेल्या पाण्याचंही तसंच, साबण-पावडरीत सोडियम भरपूर असतं.

जिप्सम दुसऱ्या कशासाठी

भुईमुगाला आऱ्या, म्हणजे फुलांपासून जमिनीत शिरणारे देठ, सुटताना जिप्सम देतात ते माती मोकळी करायला नव्हे. जमिनीत शिरलेल्या शेंगा कॅल्शियम मुळांकडून न घेता भोवतालच्या मातीतून थेट घेतात. ते कमी पडलं की शेंगा पोचट राहतात. फार आम्लधर्मी जमिनीत खालच्या थरातलं ॲल्युमिनियम मुळांना घातक असतं. चुना तिथपर्यंत उतरत नाही, जिप्सम उतरतं आणि ॲल्युमिनियमचा त्रास कमी करतं. ब्राझीलच्या सेराडो भागात ते याच कामासाठी मोठ्या प्रमाणावर वापरलं जातं. गंधकाची उणीव असेल तर तीही भागते.

टोमॅटोच्या फळांचा बूड काळा पडला की जिप्सम टाकणारे बरेच आहेत. तो विकार फळापर्यंत कॅल्शियम न पोचल्यामुळे होतो हे खरं, पण मातीत कॅल्शियम सहसा असतंच. एक दिवस कोरडं, एक दिवस तुडुंब, अशा पाण्यामुळे ते फळापर्यंत जात नाही. आधी पाणी एकसारखं करा, आच्छादन टाका. रेताड मातीची रचना सुधारायला तर जिप्समचा विचारच नको. बांधायला तिथे चिकणमातीच नसते.

काम झालं का, हे कसं ओळखायचं

जिप्सम टाकण्याआधीच एक मोजमाप करून ठेवा. 15 सेंटिमीटर व्यासाचा, दोन्ही बाजूंनी उघडा पत्र्याचा डबा ओलसर मातीत 5 सेंटिमीटर दाबा. आत प्लॅस्टिकचा तुकडा अंथरून त्यावर 450 मिलिलिटर पाणी ओता, तुकडा अलगद काढा आणि पाणी मुरायला किती वेळ लागतो ते लिहून ठेवा. एवढं पाणी म्हणजे साधारण 2.5 सेंटिमीटर. पहिलं पाणी माती भिजवण्यात जातं, म्हणून लगेच दुसऱ्यांदा ओतून तोच वेळ धरा. हंगाम संपल्यावर त्याच जागी, तशाच ओलीत पुन्हा मोजा. रिकाम्या सोडलेल्या पट्ट्यातही मोजा.

ढेकळाची परीक्षाही तेव्हाच करा. धुकं कमी झालं असेल पण पूर्ण गेलं नसेल तर दुसरा हप्ता द्या. वाटी स्वच्छ आहे आणि पाणीही लवकर मुरतंय, तर पुढचं पोतं आणू नका, कंपोस्ट आणि आच्छादनावर या. जिप्समच्या आणि रिकाम्या पट्ट्यात काहीच फरक नसेल तर पुरेसं पाणी आरपार गेलं होतं का ते आधी आठवून बघा. गेलं असेल, तर तुमच्या मातीचं दुखणं सोडियमचं नव्हतं. मग 30 सेंटिमीटर खाली कडक थर लागतो का, हे सळई खुपसून पाहण्यापासून पुन्हा सुरुवात करा.